फळीतले पाणी: उघड्यावरची थप्पी की भट्टी?

चंद्रपूरच्या जंगलातला सागाचा एक ओंडका आरागिरणीत चिरला आणि त्याच्या तीन फळ्या तीन ठिकाणी गेल्या, असे समजा. पहिली नागपुरात राहिली, दुसरी रत्नागिरीला पोचली आणि तिसरी शिकागोतल्या एका घरात टेबलाचा भाग झाली. झाड तेच, करवत तीच, सुतारही तोच. तरीही दोन वर्षांनी मोजायला बसले तर तिन्ही फळ्यांची रुंदी वेगवेगळी भरेल. नागपूरची फळी मे महिन्यात आक्रसते आणि ऑगस्टमध्ये फुगते. रत्नागिरीची वर्षातला बराच काळ फुगलेलीच असते. शिकागोची फळी हिवाळ्यात सगळ्यांत जास्त आटते, कारण बाहेरची गोठलेली हवा घरात घेऊन तापवली की ती कोरडीठाक होते.

लाकूड उघड्यावर वाळवावे की भट्टीत, हा वाद सुतार, वखारवाले आणि फर्निचर करून घेणारे घरमालक यांच्यात जुना आहे. जुन्या मिस्त्रींचा विश्वास वाऱ्यावर मुरलेल्या लाकडावर. भट्टीतून काढलेले लाकूड ठिसूळ होते, त्याचा रंग मरतो, असे ते सांगतात. कारखानदाराला भट्टीखेरीज माल मान्य नसतो, कारण वर्षभर थांबायला त्याच्याकडे वेळ नाही आणि जागाही नाही. दोन्ही बाजूंचे पुरावे तपासले तर वादाचा रोखच थोडा चुकलेला दिसतो. लाकूड कशाने वाळवले हा प्रश्न दुय्यम आहे. ते किती ओलाव्यापर्यंत वाळवले, सुरुवातीला किती सावकाश वाळवले आणि शेवटी कोणत्या हवेत राहणार आहे, या तीन गोष्टींवर दाराचे आणि टेबलाचे आयुष्य ठरते.

लाकडाचा ओलावा मोजताना पाण्याचे वजन पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडून पाहतात. त्यामुळे ताज्या सावरीसारख्या हलक्या लाकडाचा ओलावा १०० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो; म्हणजे लाकडापेक्षा त्यातले पाणीच जड. सागाचा हिशेब मांडायचा तर एका घनमीटरमध्ये साधारण ५५० किलो कोरडे लाकूड असते. ओलावा ५० टक्क्यांवरून १२ वर आणायचा, तर त्या एका घनमीटरमधून २०० लिटरहून जास्त पाणी बाहेर काढावे लागते. हे पाणी दोन ठिकाणी असते. काही पेशींच्या पोकळ्यांत मोकळे असते, काही पेशींच्या भिंतींत मुरलेले. मोकळे पाणी आधी निघून जाते आणि ते जात असताना फळी हलकी होते, पण तिचा आकार बदलत नाही. ओलावा २५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान आला की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात, भिंती मात्र अजून भरलेल्या. अमेरिकेतले वनशास्त्रज्ञ हॅरी टीमन यांनी १९०६ साली या टप्प्याकडे लक्ष वेधले आणि त्याला तंतुसंपृक्तता बिंदू असे नाव दिले. आक्रसणे, वाकणे, पीळ पडणे, हे सारे या बिंदूच्या खाली सुरू होते.

आक्रसणेही सगळीकडे सारखे नसते. हिरवा साग पूर्ण कोरडा होईपर्यंत गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आटतो, तर वाढीच्या वलयांना समांतर सुमारे ५.८ टक्के. लांबीत तो जवळजवळ बदलतच नाही. अमेरिकेतल्या व्हाइट ओकचे हेच आकडे ५.६ आणि १०.५ आहेत. सागाला जगभर मान मिळाला त्यामागे त्यातले तेल आणि टिकाऊपणा आहेच, पण तो इतका कमी हलतो हेही तितकेच मोठे कारण आहे. दोन दिशांतल्या या तफावतीमुळेच आडव्या चिरीची फळी वाळताना वाटीसारखी वळते आणि मधोमध गाभा आलेली फळी हमखास तडकते. कोणतीही भट्टी हा गुण लाकडातून काढून टाकू शकत नाही.

मग फळी वाळून थांबते कुठे? तर भोवतालच्या हवेशी तिचा समतोल साधला जातो तिथे. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड १२ टक्के ओलाव्याच्या आसपास स्थिरावते. आर्द्रता ३० टक्के असेल तर ६ टक्क्यांवर, ८० असेल तर १६ वर. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर उतरते, तर कोकणात जुलैमध्ये ८५-९० टक्क्यांवर असते. लाकूड हवेच्या मागून सावकाश चालते, त्यामुळे ते या दोन्ही टोकांना पोचत नाही. तरीही वर्षभरात ८ टक्क्यांचा फरक पडला असे धरू. आडव्या चिरीच्या सागाच्या फळ्या जोडून केलेला ९०० मिलिमीटर रुंदीचा टेबलटॉप तेवढ्यानेच १४ मिलिमीटर कमीजास्त होईल. हे उत्तम वाळवलेल्या लाकडाचे गणित आहे. पावसाळ्यात दार अडकले म्हणून त्याचे लाकूड कच्चेच होते, असा निष्कर्ष काढणे सुतारावर अन्याय करणारे ठरते. चौकटीच्या खाचेत मधली फळी डिंक न लावता सैल बसवायची जुनी रीत याच हालचालीसाठी जागा ठेवते. बैलगाडीची चाके उन्हाळ्यात आटून खिळखिळी झाली की शेतकरी ती पाण्यात भिजत घालत. त्यांनाही लाकडाचा हा स्वभाव पक्का ठाऊक होता.

वाळवण्याची घाई किती महाग पडते, याचा एक मोठा धडा इंग्लंडच्या आरमाराने घेतला. नेपोलियनच्या युद्धकाळात ओल्या ओकची जहाजे घाईघाईने बांधली गेली. १८१० साली पाण्यात उतरलेली ‘क्वीन शार्लट’ ही मोठी युद्धनौका मोहिमेवर जाण्याआधीच बुरशीने पोखरली गेली आणि तिची मोठी दुरुस्ती करावी लागली. बुरशीला वाढायला ओलावा लागतो. लाकूड २० टक्क्यांखाली असेल तर ती वाढत नाही. त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर मलबारच्या सागाची जहाजे बांधत होते. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे.

सागाच्या बाबतीत एक जुनी युक्ती मलबारात आणि ब्रह्मदेशात रूढ होती. उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि खालचे पांढरे लाकूड छेदून कडे पाडायचे आणि झाड उभ्या उभ्याच मरू द्यायचे. दोन-तीन वर्षांनी ते तोडायचे. ताजा साग पाण्यात बुडतो, त्यामुळे नदीतून वाहून न्यायचा तर त्याला आधी हलका करणे भागच होते. यात वाहतुकीची सोय साधली जाई आणि वाळण्याचा पहिला, सगळ्यांत धोक्याचा टप्पा सालीच्या आवरणाखाली आपसूक संथपणे पार पडे.

आणखी एक देशी पद्धत म्हणजे लाकूड महिनोन् महिने पाण्यात बुडवून ठेवणे. पश्चिम किनाऱ्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाण्यात लाकूड वाळत नाही, हे उघड आहे. पण पांढऱ्या लाकडातला स्टार्च आणि साखर त्या मुक्कामात बरीच धुऊन जाते, आणि नंतर पीठ पाडणाऱ्या भुंगेऱ्याला खायला काही उरत नाही. आंब्यासारख्या किडीला लवकर बळी पडणाऱ्या लाकडासाठी हा उपाय खरोखर कामाचा आहे, फक्त त्याला वाळवण्याचा पर्याय समजू नये. पाण्यातून काढलेले लाकूड नव्याने थप्पी लावून वाळवावेच लागते.

उघड्यावर वाळवणे म्हणजे फळ्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवणे नव्हे. चांगल्या थप्पीत खालची फळी जमिनीपासून एक-दीड फूट वर असते, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही आणि खालूनही वारा खेळतो. प्रत्येक दोन थरांमध्ये २०-२५ मिलिमीटर जाडीच्या, अगदी एकसारख्या, कोरड्या पट्ट्या लागतात. त्या दीड ते दोन फुटांवर असाव्यात आणि वरपासून खालपर्यंत एका ओळीत याव्यात. एखादी पट्टी जरी ओळ सोडून बसली तर वरच्या सगळ्या थरांचे वजन फळीला मध्येच दाबते आणि तिला कायमचा बाक येतो. वर छप्पर हवे, आणि शक्य तर दगडांचे किंवा जाड ओंडक्यांचे वजन. फळ्यांची टोके मेण, डांबर किंवा जाड तेलरंग लावून बंद करणे हे काम सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. लाकडातली नळीसारखी रचना लांबीच्या दिशेने असल्यामुळे टोकातून पाणी पृष्ठभागापेक्षा दहा-पंधरा पट वेगाने उडते. टोक आधी आटते, मागचा भाग आटलेला नसतो, आणि फूटभर लांबीच्या भेगा पडतात. बाजारातून आणलेल्या महागड्या फळीची दोन्ही टोके कापून टाकावी लागतात, ती याच बेपर्वाईची किंमत.

किती दिवस लागतात? ‘एका इंचाला एक वर्ष’ हा नियम सगळीकडे ऐकू येतो, पण तो कोणत्याच हवेला नीट लागू पडत नाही. अमेरिकेच्या वनखात्याच्या नोंदींनुसार तिथल्या एक इंची रेड ओकला उघड्यावर २० टक्क्यांपर्यंत यायला ७० ते २०० दिवस लागतात, तर यलो पॉप्लरसारख्या हलक्या लाकडाला ४० ते १५०. एवढी मोठी तफावत येते ती प्रदेशामुळे आणि थप्पी कोणत्या महिन्यात लावली त्यामुळे. जाडीचा परिणाम तर फारच मोठा. फळीची जाडी दुप्पट केली की वेळ तिप्पट-चौपट होतो. म्हणून तीन इंची चौकटीचे लाकूड आतपर्यंत वाळले आहे, असे कोणी सहा महिन्यांत सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

महाराष्ट्राच्या हवेत उघड्यावर वाळवण्याची मर्यादाही जिल्ह्याजिल्ह्याला बदलते. विदर्भात ऑक्टोबरमध्ये लावलेली एक इंची सागाची थप्पी मेअखेर इतकी कोरडी होऊ शकते की भट्टीची गरजच उरत नाही. तिथे धोका उलटा आहे. मार्च ते मे या महिन्यांत ताजे चिरलेले ऐनासारखे अवघड लाकूड गरम वाऱ्यात ठेवले तर ते काही दिवसांत तडकते. अशा लाकडाची थप्पी पावसाळ्याच्या किंवा थंडीच्या सुरुवातीला लावणे शहाणपणाचे. कोकणात आणि गोव्यात मात्र हवा वर्षातले बहुतेक महिने दमट असल्यामुळे फळी कितीही वर्षे ठेवली तरी ती एका पातळीखाली जात नाही. रत्नागिरीतल्या घराच्या दाराला तेवढे पुरते. तेच लाकूड पुण्या-मुंबईतल्या वातानुकूलित कार्यालयात गेले की सांधे उघडतात.

भट्टीचा इतिहास युद्धाशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन इथे १९१० साली फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी सुरू झाली. पहिल्या महायुद्धात विमानांचे सांगाडे, पंखे, तोफगाड्यांची चाके आणि बंदुकांचे दस्ते यांसाठी कोरड्या लाकडाची प्रचंड मागणी आली, तेव्हा वर्षानुवर्षे थप्पी राखत बसणे शक्यच नव्हते. टीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापमानाइतकेच आर्द्रतेवरही नियंत्रण ठेवणाऱ्या भट्ट्या उभ्या केल्या. खरी कल्पकता तीच होती. त्याआधीच्या अनेक भट्ट्या लाकूड नुसते तापवत आणि फोडून टाकत.

भारतात हे काम डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने केले. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत देशातल्या शेकडो जातींच्या लाकडांचा अभ्यास झाला. एस. एन. कपूर यांचे भारतीय लाकडांच्या सीझनिंगवरचे मार्गदर्शक पुस्तक १९३४ साली निघाले. पुढे भारतीय मानक ११४१ मध्ये लाकडांची तीन गटांत विभागणी झाली: अत्यंत अवघड, मध्यम आणि सोपी. साल वृक्ष पहिल्या गटात मोडतो, साग दुसऱ्यात, सावर तिसऱ्यात. सागाची कृती सालाला लावली तर भट्टीतून सरपण निघेल. सालाची कृती सावरीला लावली तर ती वाळण्याआधीच तिच्यावर बुरशीचे डाग पडतील.

आजच्या साध्या भट्टीत थप्पी तशीच पट्ट्या घालून लावतात. वाफेच्या नळ्या हवा तापवतात, पंखे ती थप्पीतून फिरवतात, झडपा ओली हवा बाहेर सोडतात आणि गरज पडली की वाफ सोडून आर्द्रता वाढवतात. सुरुवात ४०-४५ अंश सेल्सिअसवर आणि मुद्दाम दमट हवेत होते. फळी वाळत जाईल तसे तापमान टप्प्याटप्प्याने ६०-७० अंशांकडे नेतात आणि हवा कोरडी करत जातात. जातीनुसार एक इंची फळीला एक ते चार आठवडे लागतात. वेगावरचे बंधन मात्र भट्टीतही सुटत नाही. एक इंची रेड ओकमधून दिवसाला ओलाव्याचे ३.८ टक्क्यांहून जास्त अंश काढू नयेत, व्हाइट ओकमधून २.५ हून जास्त नाही. फळी दोन इंची असेल तर हेच आकडे १.५ आणि १ वर येतात. ही मर्यादा ओलांडणारा भट्टीवाला दोन दिवस वाचवतो आणि अख्खा लॉट घालवतो.

घाईने काय होते ते फळीकडे पाहून कळत नाही, म्हणून ते अधिक धोक्याचे आहे. बाहेरचा थर झपाट्याने वाळतो आणि आक्रसू पाहतो, पण आतला ओला भाग त्याला आक्रसू देत नाही. बाहेरचा थर ताणलेल्या अवस्थेतच घट्ट होतो. पुढे आतला भाग वाळायला लागतो तेव्हा त्याला आक्रसायला जागा नसते, आणि तो आतल्या आत फाटतो. मोठ्या आचेवर भाजलेल्या भाकरीसारखी फळी वरून खरपूस आणि आतून बिघडलेली राहते. रंधा मारेपर्यंत ती अगदी सरळ दिसते. एका बाजूने पातळ केली की धनुष्यासारखी वळते. लांबीत चिरायला घेतली की दोन्ही भाग करवतीवर आवळून बसतात. चांगल्या भट्टीत शेवटचे काही तास वाफ सोडून हा ताण काढतात. फळीचा आडवा तुकडा घेऊन त्यात दोन पाती राहतील अशी मधली जागा कापतात. पाती सरळ राहिल्या तर ताण गेला, आत वळल्या तर भट्टी पुन्हा चालवायची. ही पाच मिनिटांची परीक्षा टाळणाऱ्या भट्टीचा माल कोणी घेऊ नये.

वाफेच्या भट्टीखेरीज इतरही मार्ग आहेत. यंत्राने हवा थंड करून तिच्यातला ओलावा काढणाऱ्या भट्ट्या कमी तापमानावर चालतात आणि लहान कारखान्यांना परवडतात. निर्वात भट्टीत हवेचा दाब कमी केल्याने पाणी कमी तापमानाला उकळते आणि आठवड्यांचे काम दिवसांवर येते, पण यंत्र महाग आणि माल थोडा.

सौरभट्टीचा मार्ग मात्र या देशात जितका पसरायला हवा होता तितका पसरलेला नाही, आणि ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. डेहराडूनच्या संस्थेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच काचेच्या खोलीसारखी सौरभट्टी तयार केली होती. काळा रंग दिलेला पत्रा ऊन शोषतो, पंखा गरम हवा थप्पीतून फिरवतो. तिचा मोठा गुण असा की रात्री तापमान उतरते, आतली आर्द्रता वाढते आणि दिवसभरात फळीत साठलेला ताण आपोआप सैल होतो. वाफेच्या भट्टीत जे काम कुशल माणूस लक्ष ठेवून करतो, ते इथे सूर्यास्त करतो. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या साध्या आराखड्यांवरून कित्येक हौशी सुतारांनी स्वतः सौरभट्ट्या उभारल्या आहेत. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर मराठवाडा, विदर्भ आणि देशावर आठ महिने कडक ऊन मिळते. चार सुतारांनी मिळून असे एक शेड उभारणे अवघड नाही.

आता मूळ वादाकडे. भट्टीने लाकूड ठिसूळ होते, हे कितपत खरे? फार चढ्या तापमानाला दीर्घकाळ ठेवले तर लाकडाचा चिवटपणा कमी होतो, हे सिद्ध आहे. नेमस्त तापमानाला नीट चालवलेल्या भट्टीत हा फरक कामापुरता नगण्य राहतो. उलट लाकूड कसेही वाळवले तरी वाळल्याने त्याची ताकद वाढते. हिरव्या अवस्थेतून १२ टक्क्यांवर आलेल्या निर्दोष लाकडाची वाकण्याला तोंड देण्याची शक्ती साधारण दीडपट होते. रंगाच्या बाबतीत जुन्या मिस्त्रींचे म्हणणे बरेच बरोबर आहे. अमेरिकेत अक्रोडाचे लाकूड मुद्दाम वाफवतात, म्हणजे पांढरा भाग गडद होतो, पण गाभ्यातल्या जांभळट छटा त्यात बुजतात. उघड्यावर वाळलेल्या अक्रोडात त्या टिकतात आणि जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात. वाफेवर वाकवून खुर्चीचे भाग करणारेही उघड्यावर वाळलेलेच लाकूड घेतात, कारण भट्टीतले लाकूड तितके लवत नाही. किडीच्या बाबतीत मात्र भट्टी सरस आहे. तिच्या उष्णतेत अंडी आणि अळ्या मरतात. थप्पीत त्या जिवंत राहून दोन वर्षांनी पलंगाच्या पायातून बाहेर येऊ शकतात. रबराच्या लाकडाला तर पर्यायच नाही. ते चिरल्यावर लगेच बोरॅक्स-बोरिक अॅसिडची प्रक्रिया करून भट्टीत गेले नाही, तर बुरशीने निळे पडते आणि किडते.

मिरजेत सतार आणि तंबोरा घडवणारे कारागीर अजूनही सावकाश वाळलेल्या तुणीच्या लाकडावर भर देतात. तिथल्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा आणि तुणीची दांडी, दोन्ही पुरते वाळले नाहीत तर सूर लागलेला टिकत नाही. इथे वर्षभर थांबणे परवडते, कारण लाकूड थोडे लागते आणि मोल कारागिरीचे असते. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा हलका आणि लवकर वाळणारा, त्याला भट्टीची गरजच नाही. उलट जोधपूरहून आंबा, बाभूळ आणि शीशम यांचे फर्निचर कंटेनर भरभरून परदेशी जाते. अमेरिकेतल्या घरांत लाकूड सरासरी ८ टक्क्यांवर स्थिरावते, कोरड्या नैर्ऋत्य भागात ६ वर. तिथे १२ टक्क्यांचे टेबल पाठवले की पहिल्या हिवाळ्यात ते फाटणारच. अशा धंद्यात भट्टी अपरिहार्य आहे.

बहुतेक कामांसाठी उत्तम मार्ग दोन्हींचा मिळून आहे, आणि जगभरचे अनुभवी कारखाने तोच वापरतात. आधी थप्पीत २०-२५ टक्क्यांपर्यंत वाऱ्यावर वाळवायचे, मग थोड्या दिवसांसाठी भट्टीत घालून हवा तो आकडा गाठायचा. फुकटच्या वाऱ्याने निम्म्याहून जास्त पाणी जाते, इंधन वाचते आणि भट्टीतला मुक्काम काही दिवसांवर येतो. अवघड लाकडांना तर हा क्रम जास्तच मानवतो.

इतके ज्ञान हाताशी असताना बाजारात ओले लाकूड का विकले जाते? वखारीतला साग घनफुटावर विकला जातो. हिरव्या अवस्थेतून पूर्ण कोरडा होईपर्यंत सागाचे आकारमान सुमारे ७ टक्के घटते. म्हणजे ओले १०० घनफूट घेणाऱ्याला १२ टक्क्यांवर आल्यावर सुमारे ४ घनफूट कमी भरतात. वाळवणाऱ्या विक्रेत्याचा मालही घटतो, महिनोन् महिने भांडवलही अडकते, आणि त्याबद्दल गिऱ्हाईक जास्त भाव द्यायला तयार नसते. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर घाना, इक्वेडोर, ब्राझील अशा देशांतल्या लागवडीच्या सागावरची भिस्त वाढली. ही झाडे कोवळी, पांढरा भाग जास्त, आणि ओंडके बंदरात उतरून चिरले की थेट इमारतीवर जातात. दार बसते, रंग लागतो, सहा महिन्यांत सांधे उघडतात आणि दोष सुताराच्या माथी येतो. लोकांचा अस्सल लाकडावरचा विश्वास उडून ते प्लायवूडकडे वळले, यात या ओल्या मालाचा वाटा मोठा आहे.

शिक्क्यांवरही सावधपणे विसंबावे. परदेशी खोक्यांच्या आणि पॅलेटच्या लाकडावर उष्णतेची प्रक्रिया झाल्याचा ठसा असतो. त्याचा अर्थ लाकडाचा गाभा ३० मिनिटे ५६ अंशांवर ठेवला, एवढाच. ही कीड मारण्याची अट आहे. ते लाकूड कोरडे असेलच असे नाही. ‘भट्टीत वाळवलेले’ या शब्दांनाही आकड्याशिवाय अर्थ नाही. भट्टीतून ८ टक्क्यांवर काढलेली फळी जुलैत मुंबईच्या उघड्या शेडमध्ये महिनाभर पडली, तर हवेतले पाणी पुन्हा पिऊन घेते. म्हणून काम सुरू करण्याआधी लाकूड ज्या खोलीत राहणार तिथे दोन-तीन आठवडे पट्ट्या घालून ठेवणे हा उपाय साधा वाटला तरी चुकवू नये.

आकडा कोणता मागायचा, हे ठरवायला भारतीय मानक २८७ आहे. त्यात हवेच्या सरासरी वार्षिक आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग केले आहेत: ४० टक्क्यांखाली, ४० ते ५०, ५० ते ६७ आणि त्याहून वर. ५० मिलिमीटरहून पातळ दारे-खिडक्यांसाठी या विभागांत अनुक्रमे ८, १०, १२ आणि १४ टक्के ओलावा चालतो. ओलावा मोजायला दोन टोकदार सुयांचा छोटा मीटर पुरतो. त्यावर लाकडाची जात नीट निवडावी आणि फळीचा ताजा काप घेऊन आतल्या भागात सुया टोचाव्यात, कारण वरचा थर नेहमीच जास्त कोरडा दाखवतो. मीटर नसेल तर फळीचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा, ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. दोन वजनांतला फरक कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणला की उत्तर हाती येते.

महाराष्ट्राकडे देशातला उत्तम साग आहे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहहून साग गेला, याचा अभिमान राज्याने जाहीरपणे मिरवला. अशा लाकडाला ओले विकणे म्हणजे साठ-सत्तर वर्षांच्या वाढीचा अवमान आहे. वखारदारांनी बिलावर घनफुटाशेजारी ओलाव्याचा टक्का लिहावा, आणि घर बांधणाऱ्या प्रत्येकाने तो आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.